होळीहून परतलेली मुलगी

आई, आज दुपारी सुट्टीवरून परतलेल्या एका मुलीच्या तोंडाला दारूचा वास आला आणि मला तू आठवलीस. मी आता इथे इंदुरात राजेंद्र नगरच्या मुलींच्या होस्टेलची वॉर्डन आहे. मुली झाबुआ-अलीराजपूरकडच्या, भिल्लांच्या. तू छत्रीबागेतल्या होस्टेलमध्ये पोळ्या लाटायचीस, तिथल्याही तिकडच्याच होत्या.

तुझ्या होस्टेलमधली, होळीहून परतलेली ती तुला आठवत असणारच. बारा वर्षांची, तेव्हाच्या माझ्याच वयाची. पायरीवरच ओकली. तिथल्या वॉर्डन, मोठ्या बाई म्हणाल्या, "घरी पाठवून द्या. इनके यहाँ तो सब पीते हैं." तू तिला मोरीत नेऊन तोंड धुतलंस आणि विचारलंस, "किसने दी?" ती म्हणाली, आजी देते ती देवाची, पूर्वजांना धार टाकून उरलेली घोटभर. ही तशी नव्हती. ही ठेक्यावरची, दुकानातून विकत घेतलेली, इंदुरात मजुरीला येणाऱ्या चुलत बहिणींनी गावी नेलेली. "नहीं पियो तो हँसते हैं. फिर कोई साथ नहीं बैठाता." मी तिथेच उभी होते, मी नाक मुरडलं. तू गर्रकन माझ्याकडे वळलीस. "काका घरी बाटली उघडतात, तेव्हा सेव-कांद्याची प्लेट कोण नेऊन देतं गं? मोठी आली शहाणी!"

तू मोठ्या बाईंशी भांडून तिला ठेवून घेतलंस. वर्षभर ती संध्याकाळी तुझ्याजवळ कणीक मळायला बसायची. त्या वर्षात ती प्यायली नाही. मग उन्हाळ्यात नात्यातल्या एका लग्नासाठी गावी गेली ती आलीच नाही. तू बसने जाऊन चौकशी करून आलीस. बहिणींसोबत प्यायली, तोल जाऊन विहिरीत पडली, एवढंच सांगितलंस आणि परात पुढे ओढलीस. पाणी जास्त झालं, पीठ हाताला चिकटत होतं, तरी तू मळतच राहिलीस. तो पचपच आवाज मला अजून ऐकू येतो.

आज मीही विचारलं, "किसने दी?" मुलगी म्हणाली, "दीदी, सब पी रहे थे. मना करती तो अकेली पड़ जाती." मी तिला घरी पाठवलं नाही. तिच्या खोलीतल्या मैत्रिणींना बोलावून तिच्याशेजारी बसवलं आणि तुझ्या त्या मुलीची गोष्ट पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितली. मग त्यांतली सर्वांत धीट हळूच म्हणाली, "दीदी, नाम क्या था उसका?"

आपण तिला छोरीच म्हणायचो. गावात जाऊन तू कुठल्या नावाने तिची चौकशी केलीस, ते मला माहीत नाही, आई. मी त्यांना मनाला येईल ते एक नाव सांगून टाकलं.