दुकानाच्या वेबसाइटवरचा नंबर

प्रिय बॉबिन,

चार वर्षांनी माझं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. बाबांचा गुडघा सोडला तर इथे कुणाचं काही बिघडलेलं नाही. कारण कामाचंच आहे. तू दुकानासाठी केलेली वेबसाइट या महिनाअखेरीस बंद होणार. ज्या कंपनीच्या फुकटच्या जागेवर तू ती उभी केली होतीस, ती कंपनी गाशा गुंडाळते आहे. पानाच्या वर तशी लाल पट्टी आली आहे, एका गिऱ्हाइकाने सांगितलं. आता दुसरा प्लॅटफॉर्म निवडून साइट नव्याने करायची आणि ती मी करते आहे. हसायचं असेल तर हसून घे, पण पत्र शेवटपर्यंत वाच, कारण त्यातला फोन नंबराचा रकाना तुला विचारल्याशिवाय भरता येत नाही. फोन केला असता, पण फोनवर आपण दोघंही नुसते हं हं करतो आणि ठेवून देतो.

प्लॅटफॉर्म निवडायला मी आपलीच पद्धत वापरली. दुरुस्त झालेलं शिलाई मशीन आपण कसं तपासतो, ते तुला सांगायला नको. एकच चिंधी, अर्धी मलमल, अर्धी जीन्स, मध्ये जाड शिवण. ती ज्याच्याखालून टाके न सुटता जाईल ते मशीन पास. तसं मी एकच पान तीन ठिकाणी बनवून पाहिलं. दुकानाचा एक फोटो, कामांची यादी आणि गिऱ्हाइकाने तक्रार लिहायची चौकट. चिंध्यांच्या डब्याशेजारी लॅपटॉप ठेवून दुपारच्या निवांत वेळात हा उद्योग आठवडाभर चालला होता. बाबा येता-जाता चष्म्यावरून बघायचे आणि पुढे जायचे.

पहिला फुकटचा. पान तासाभरात झालं, पण खाली त्यांची जाहिरातींची पट्टी येते आणि ती काढता येत नाही. आपल्या यादीत ‘जुन्या मशीनची दुरुस्ती’ आणि तिच्या खालीच जाहिरात, ‘जुनं मशीन द्या, नवं घेऊन जा’. बाबांनी ते पाहिलं असतं तर लॅपटॉपच दुरुस्तीला टाकावा लागला असता. तो मी तिथेच बाद केला.

दुसरा भाड्याचा. सगळं तयार मिळतं, चित्र उचलायचं आणि हवं तिथे नेऊन ठेवायचं. दिसतो देखणा. पण सोडून जायचं म्हटलं तर तिथला मांडलेला संसार उचलून नेता येत नाही, दुसरीकडे पहिल्यापासून सुरुवात. तिसऱ्यात सगळं आपल्या मालकीचं. आतलं सगळं उघडून बघता येतं, बदलता येतं, उचलून दुसरीकडे नेता येतं. मात्र त्याच्याकडे सतत कुणीतरी बघायला हवं. आज हे अपडेट, उद्या ते. आपल्या काळ्या लोखंडी मशीनसारखं आहे ते, तेल घालणारा असेल तर जन्मभर चालेल. बाबांना मी दोन्ही समजावून सांगितले. सगळं त्यांच्या डोक्यावरून गेलं असं मला वाटलं, पण त्यांनी नेमकं एवढंच विचारलं की बंद पडलं तर ते उघडणार कोण. मी म्हटलं, मी. त्यावर ते सुई बदलायला लागले.

जुन्या साइटवरचा मजकूर नव्या पानावर उतरवून घेताना मला पहिला धक्का बसला. तू गेल्यावर बाबांनी बजावलं होतं की त्या वेबसाइटला कुणी हात लावायचा नाही. मी हात सोड, नजरही लावली नव्हती. मला वाटत होतं की ‘नवीन मशीनही मिळतील’ ही तुझी ओळ अजून तिथेच असेल. ज्या ओळीवरून सगळं रामायण झालं ती. ती वाचून एक बाई नवं मशीन घ्यायला आल्या आणि बाबा त्यांच्यादेखत तुला म्हणाले की हे दुकान दुरुस्तीचं आहे, ज्याला विकायचंय त्याने बाहेर जाऊन विकावं. तू त्यांचा शब्द तंतोतंत पाळलास आणि घर सोडलंस. तेव्हा मी सुईत दोरा ओवत होते. दोरा ओवून झाला होता, तरी मी मान वर केली नाही. त्याची मला लाज वाटते, आजही.

तर ती ओळ तिथे नाही. तिच्या जागी आहे, ‘फक्त दुरुस्ती. मशीन विकत नाही.’ खाली बदलल्याची तारीख आहे, तू गेल्यानंतर आठ दिवसांची. आम्ही चार वर्षं तुझ्यावर रुसून बसलो आणि तू आठव्या दिवशी बाबांचं म्हणणं लिहून मोकळा झाला होतास. हे कुणाला सांगायचंही तुला सुचलं नाही. तूही अगदी आपल्याच घरचा आहेस.

त्या ओळीखाली नंबर तुझा. साइट तू केलीस, तेव्हा तुझाच मोबाइल टाकलास, त्यात काही नवल नाही. नवल आमचं. गेली चार वर्षं गिऱ्हाइकं दुकानात येऊन सांगतात की फोनवर बोलणं झालं होतं. मला वाटायचं, ते बाबांशी बोलले. बाबांना वाटत असेल, माझ्याशी, असं मी धरून चालले होते. आई गेल्यापासून या घरात कुणी कुणाला दुसरा प्रश्न विचारत नाही, त्यामुळे हे खपून गेलं. लोक रोगाचं नाव घेऊनच यायचे. एकाने सांगितलं हुकचं टायमिंग गेलंय, एकीने सांगितलं बॉबिन केस घासलीय. बाबा म्हणायचे, इंटरनेटमुळे लोक फार हुशार झालेत. तुझा नंबर पाहिल्यावर दोनच दिवसांनी एक शाळेतल्या बाई मुद्दाम आभार मानायला आल्या. म्हणाल्या, तुमच्या फोनवरच्या भाऊंनी सांगितलं की सुई उलटी बसलीय का बघा, आणि खरंच तशीच होती, दुकानात मशीन आणावंच लागलं नाही. मी त्यांना चहा दिला. त्या गेल्यावर मागच्या खोलीत जाऊन मी रडले. किती वेळ ते मोजलं नाही.

आता रकान्याचं सांगते. बाकी सगळं बघता मी भाड्याचा प्लॅटफॉर्म जवळजवळ पक्का केला होता, कारण तो मला एकटीला सांभाळता येईल. पण त्यांच्याकडे जो नंबर टाकाल त्यावर खात्रीसाठी सहा आकडे येतात, आणि ते भरल्याशिवाय नंबर पानावर दिसत नाही. दुकानाचा नंबर टाकला तर काम दोन मिनिटांचं. मग गिऱ्हाइकं इथे फोन करतील आणि तुझा फोन वाजायचा थांबेल. सरळ हिशोबाने हेच करायला हवं. तू तिथे तुझी नोकरी करायची की आमच्या लोकांच्या सुया सरळ करायच्या?

मी तेच करणार होते, पण त्याआधी शेजारचे टेलरकाका दुकानात आले. जरा अवघडले होते. म्हणाले, तुझ्या बाबांना काही बोलू नकोस, पण ते दर पंधरा-वीस दिवसांनी माझ्या दुकानातून माझा मोबाइल मागून घेतात, स्पीकरवर कुठेतरी फोन लावतात आणि माझ्या मशीनची तक्रार सांगतात. कधी टाके सुटतात, कधी दोरा तुटतो. माझं मशीन तर ठणठणीत आहे, मग माझी बदनामी कशाला? मी विचारलं, मग पलीकडचा काय सांगतो? काका म्हणाले, पलीकडचा बराच वेळ बोलतो. शेवटी सांगतो की मशीन शेजारच्या दुकानात दाखवा, तिथे एक म्हातारे आहेत, त्यांच्यासारखा हात कुणाचा नाही. हे सांगताना काकांनी खाली बघितलं. फोन झाला की बाबा थोडा वेळ तिथेच बटणं चाळत बसतात म्हणे.

तू त्यांचा आवाज ओळखलास की नाही, मला माहीत नाही. ओळखला असशील असं मला वाटतं, कारण ठणठणीत मशीनवर कुणी इतका वेळ बोलत नाही. मग मी तिसऱ्या प्लॅटफॉर्मचा विचार केला. तिथे आकडेबिकडे कुणी मागत नाही, तुझा नंबर गुपचूप ठेवता आला असता. तू तिथून बोलला असतास, बाबा शेजारच्या फोनवरून बोलले असते, मी मूग गिळून बसले असते, आणि असं आणखी दहा वर्षं निघालं असतं. बाबांचं वय त्र्याहत्तर आहे. दहा वर्षं मी धरून चालत नाही.

म्हणून मी भाड्याचाच घेतला आणि रकान्यात तुझा नंबर टाकला. शनिवारी दुपारी चारला मी टेलरकाकांच्या दुकानात लॅपटॉप घेऊन बसेन आणि बटण दाबेन. तुझ्या मोबाइलवर सहा आकडे येतील. ते दहा मिनिटंच चालतात, म्हणजे तुम्हा दोघांना विचार करत बसायला वेळ नाही. नंबर राहू द्यायचा नसेल तर फोन करू नकोस, मी दुकानाचा टाकेन आणि पुन्हा हा विषय काढणार नाही. राहू द्यायचा असेल तर आकडे मला पाठवू नकोस, दुकानाच्या फोनवर सांग. मी बाबांना सांगून ठेवलंय की चारला वेबसाइटवाल्यांकडून फोन येईल, कागद-पेन्सिल घेऊन बसा. फोन तेच उचलतील.

तुझीच, उशिरा मान वर केलेली,
ताई