धुऱ्यावरची आई

बुलढाणा,
२१ जानेवारी १९६३

तीर्थस्वरूप पुंजाभाऊस मनकर्णाचा नमस्कार. तीर्थस्वरूप लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं.

कलाचा उजवा डोळा गेला. आज सकाळी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून तसं सांगितलं. मी पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. डाव्यावर पट्टी आहे.

बाकी इकडे क्षेम. शाळा सुरू आहे, थंडी बरीच आहे. रुखमावहिनी माझ्याकडेच उतरल्या आहेत. मंगळवारी तुम्ही शेताच्या धुऱ्यावर अंगात आणून बसला होता, तेव्हा त्या लेकीला घेऊन जानेफळहून एस.टी.त बसल्या. त्यांच्यावर डाफरायचं असेल तर आधी माझ्यावर डाफरा.

ज्वारी कापताना पोरीच्या डोळ्यात कुसळ गेलं होतं. एवढंच. डॉक्टरांनी विचारलं, "कुसळ एका डोळ्यात, मग जखम दोन्ही डोळ्यांत कशी?" वहिनी खाली बघत म्हणाल्या, "अंगारा दोन्हीत घातला. आईपुढं दुजाभाव नोको, म्हने हे."

चांगल्या डोळ्यात राख तुम्ही घातलीत, भाऊ. बाप असून.

आणि कोणत्या आईची? धुऱ्यावरचा तो दगड नदीतून आणला तेव्हा मी त्याच बैलगाडीत होते. शेजारचा हिंमतराव दरसाल आपल्या धुऱ्यात नांगर घालून हद्द सरकवायचा. तक्रारीला कोणी दाद देईना. मग बाबांनी हद्दीवर दगड पुरला, शेंदूर फासला, नारळ फोडला. खड्डा तुम्ही खणलात. पुढच्या नांगरटीला हिंमतराव वळसा घालून गेला. त्या दिवशी बाबा जेवताना म्हणाले, "पाह्य बे पुंजा, तलाठ्याले नाई भेला, गोट्याले भेला!" तुम्ही ठसका लागेपर्यंत हसलात.

मग विश्वास बसला कधी? मला वाटतं, हिंमतराव अनवाणी येऊन तुमच्या पाया पडला त्या दिवशी. ज्याच्या ओसरीवर आपल्याला कोणी कधी 'बसा' म्हटलं नाही, तो तुम्हाला महाराज म्हणायला लागला. तो स्वतःच्या भीतीच्या पाया पडत होता. तुम्हाला वाटलं, तुमच्याच. देव आभाळातून उतरत नाही, भाऊ. भ्यालेला माणूस त्याला घडवतो, आणि ज्याचा त्यात मान वाढतो तो त्याला पोसतो. पुढच्या पिढीला काही ठाऊक नसतं, ती नुसती हात जोडते. तुम्हाला तर सगळं ठाऊक होतं. हिंमतरावाची मला कीव येते, तुमची येत नाही.

एक गोष्ट लिहू की नको, असं सकाळपासून चाललं आहे. नर्सबाई पट्टी बांधायला गेल्या तर कला हात झटकत ओरडायला लागली, "अंगारा पुसू नोका! आई कोपन!" त्यांना आवरेना. वहिनींनी तोंडात पदर कोंबला. मी पोरीच्या कानाशी वाकून म्हटलं, "आईनं मले सांगतलं, बांधू दे पट्टी." ती लगेच गप्प झाली. हात जोडून पडून राहिली.

वर्गात पोरींना ग्रहण का लागतं ते शिकवणारी मी. घाबरले, आणि मीही एक गोटा रंगवला. इतकं सोपं असतं ते. पण सोपं असतं म्हणून तुम्हाला सूट नाही. मी पट्टीपुरतं बोलले. तुमचं दर मंगळवारी चालतं. माझं खोटं मी तिला सांगणार आहे, तुमचं तुम्ही सांगायचं.

गुरुवारी सकाळी पट्टी सुटेल. डाव्यानं दिसेल की नाही, यावर डॉक्टर आज काही बोलत नाहीत. पोर एकच विचारते, "आत्या, बाबा येतीन का?"

या. कपाळ धुऊन या. तिला दिसलं तर तुमचा चेहरा दिसू दे, नाही दिसलं तर आवाज ऐकू दे. आणि काहीही झालं तरी तो खड्डा कोणी खणला, ते तिला तुमच्या तोंडून कळू दे.

तुम्ही आला नाहीत, तर गुरुवारी मीच सांगेन. मग ती जानेफळला परत येणार नाही.

अजून तुमची बहीण,
मनकर्णा