दोन खिडक्यांचं घर

अम्मा, तू गेल्यानंतर आपण घर बदललं. गावाबाहेरच्या माळावर नवी वस्ती झाली आहे, तिथे आता आपण राहतो. तुला हे तेलुगूत सांगायला हवं, पण ती अक्षरं मला येत नाहीत, आणि तुला तर कुठलीच येत नव्हती. म्हणून शाळेत शिकले त्या मराठीतच लिहिते. वस्तीत घरांच्या पुढच्या ओळी आपल्या मागवाल्यांच्या, विणकरांच्या. त्यांच्या मागे गिरणीत जाणारी मराठी माणसं, दुष्काळात मेंढरं विकून इकडे आलेली. कोपऱ्यावर कानडी वाण्याचं दुकान, पलीकडे मुसलमान रंगाऱ्यांची घरं. मी इथल्याच शाळेत शिकवते. माझ्या वर्गात एका सतरंजीवर चार भाषा बसतात आणि चारही भाषांत पाणी मागतात, कारण माळावर नळ एकच आहे. झाड तर एकही नाही. चैत्रातच पत्रा असा तापतो की दुपारी भिंतीला पाठ टेकवत नाही. वारा कोरडा. पावसाचे ढग येतात, वस्ती पाहून घेतात आणि विजापूरकडे निघून जातात.

जुनी खोली मला अजून दिसते. मधोमध मागाचा खड्डा, त्यात पाय सोडून बसलेले नायना, मराठीत वडील, एका बाजूला चूल, आणि उरलेल्या जागेत आपण सगळे. भिंतीत वितीएवढा झरोका होता, त्यालाही चिंध्यांचा बोळा. एकदा उकाड्याने जीव घाबरा झाला म्हणून मी तो बोळा काढला. गरम वारा आत आला आणि ताण्याचे धागे पटापट तुटायला लागले. तू सुतासाठी खळ ढवळत होतीस, ती पळी घेऊनच उठलीस. ‘सूत वाळलं की तुटतं, विणकराच्या पोरीला कळत नाही? आता संध्याकाळी काय शिजवू, तुझं डोकं?’ पुढे मी इंग्रजी शाळेत जायला लागले, तेव्हा मात्र नायना जेवायला उठले की तूच तो बोळा काढायचीस. ताण्यावर ओला पंचा पसरायचीस आणि म्हणायचीस, ‘वाच. ते हात धुवेपर्यंत उजेड तुझा.’ पुण्याला कॉलेजात मी हे मैत्रिणींना सांगायचे, त्यांना ते फार सुंदर वाटायचं. त्याच बंद ओलीत तू खोकत होतीस, हे मी त्यांना सांगत नसे. विणायला घेतलेल्या लुगड्यावर रक्ताचा डाग पडू नये म्हणून तू मागाकडे पाठ करून खोकायचीस.

बी.ए. होऊन आले तेव्हा या वस्तीचे नकाशे निघत होते. घरं बांधणाऱ्या कमिटीपुढे मी किती वेळा गेले असेन. प्रत्येक घराला समोरासमोर दोन खिडक्या हव्यात, म्हणजे वारा आरपार जाईल, आणि माग घरात नकोत, त्यांच्यासाठी ओळीच्या टोकाला एक मोठी मातीची शेड हवी, ओलसर आणि थंड. माणसं एकीकडे, सूत एकीकडे. कमिटीने दोन्ही मान्य केलं. त्या दिवशी घरी येताना मला वाटलं होतं की आता आपल्या गल्लीत तुझ्यासारखं कुणी मरणार नाही.

शेडमध्ये आज शेळ्या बांधतात. एकाही घराचा माग तिथे गेला नाही. बायका चूल फुंकता फुंकता सुताच्या कांड्या भरतात, भाकरी उलटून ताण्याला हात लावतात. माग शेडमध्ये गेला की त्यांचे हात गेले. आणि मागाचा खड्डा म्हणजे लक्ष्मीचं ठाणं, तो परक्या छपराखाली कोण खणणार? नायनांनी तर राहायला आल्या आल्या घरातच खड्डा खणला. मग गोणपाट भिजवून दोन्ही खिडक्यांवर आतून ठोकलं, त्यावर माती लिंपली. सबंध ओळीने तेच केलं. मागच्या ओळीतली एक बाई नळावर मला म्हणाली, ‘मास्तरीणबाई, खिडकी लई झ्याक हाय की तुमची. जळण संपलं की चौकट काढून घालू म्हंते चुलीत.’ बायका हसल्या. मीही हसले.

तू गेलीस तेव्हा रांगत होती ती धाकटी आता माझ्या खांद्याला लागते. कांड्या भरते. पौषात तिला खोकला लागला. डॉक्टर म्हणाले, उघडी हवा, ऊन, दूध. मी घरी येऊन गोणपाट उपटलं. नायनांनी धोटा थांबवला. मला वाटलं ओरडतील. ते हळूच म्हणाले, ‘सुताला ओल पाहिजे, पोरीला कोरडं पाहिजे. दोघांना एका खोलीत कसं ठेवू? तू शिकलीस, तू सांग.’ मी म्हटलं, माझ्या पगारात भागवू, माग बंद करा. ‘बंद करून मी काय करू?’ त्यांनी विचारलं. ‘बसून हिचा खोकला ऐकू?’ धाकटीच मधे पडली. ‘अक्का, लाव ते परत. सूत तुटलं की नायनांना जेवण जात नाही.’ तिने स्वतः माती कालवली. तिला गावी पाठवावं तर आपलं गाव कुठलं, हे नायनांनाही धड माहीत नाही. दवाखान्यात जागा नाही. शेजारच्या दोन घरांतही आता तसाच खोकला ऐकू येतो. भिंत एकच आहे.

कमिटीचे गृहस्थ मधे पाहुणे घेऊन आले होते. बाहेरून खिडक्यांच्या चौकटी मोजल्यासारख्या पाहिल्या आणि खूश होऊन गेले. मी त्यांना आत बोलावलं नाही. बोलावून दाखवणार काय होते?

धाकटी लहानपणापासून माझ्या कुशीत झोपते. तू गेल्यापासूनच, माझी पुण्याची वर्षं सोडली तर. गेल्या आठवड्यापासून मी माझं अंथरूण दाराशी घालते आहे. तिला म्हटलं, आत फार उकडतं. ती ‘बरं’ म्हणाली आणि माझी उशी तिनेच उचलून दाराशी आणून ठेवली. अम्मा, मला उकडत नव्हतं.