खाटांइतकीच मुलं

१२ जानेवारी १९५८, देवपूर (धुळे)
आजपासून मी इथल्या बालगृहाची अधीक्षिका. विधवेने घरी बसावं, म्हणून पहूरला भावकीने नाकं मुरडली. बसा आता तुम्हीच! संस्थेचे चिटणीस लीलाधरनाना स्वतः टांगा घेऊन मोटारस्टँडवर आले होते. इमारत म्हणजे धान्याचं जुनं गोदाम, पण अंगण ऐसपैस आहे आणि पांझरा नदीवरचा वारा थेट आत येतो. सुगंधा नावाची चिमुरडी आल्यापासून माझा पदर सोडत नाही. तिचा भाऊ गेल्या साली नशिराबादला मामाकडे गेला, असं नाना म्हणाले. मामाने हिलाच मागे का ठेवलं, ते मी विचारलं नाही.

१७ जानेवारी
जेवणाआधी मुलं अंगणातल्या चौकोनी शिळेवर एकेक घास ठेवतात. खाली जुनं पेव आहे, ज्वारी साठवायचं. अन्नाची नासाडी म्हणून मी रागावले. स्वयंपाकीण धुरपदाबाई म्हणाली, "त्यासनाकरता घास ठेवनाच पडस." कुणाकरता, ते सांगेना. त्या घासाला कावळाही शिवत नाही.

२८ जानेवारी
गेल्या सालचाच सरकारी हुकूम पुन्हा आला. मंजूर खाटा जितक्या, मुलं तितकीच. अधीक्षिका प्रशिक्षित हवी. जास्तीची मुलं कुठल्या कुठे पाठवणार. एका खाटेवर तिघं निजतात, ते मला तरी कुठे आवडतं? पण जास्त खाटा कोण देणार, ते हुकमात नाही. वर तपासणी लवकरच. सुगंधा जास्तीच्यांत आहे, तिच्या खाटेवरचा भटूही.

२ फेब्रुवारी
हजेरी घेताना, मी कुणाचं नाव न घेताच कुणीतरी 'हजर' म्हणालं. आवाज शिळेकडून आला. मुलांनी माना खाली घातल्या. मला भीती वाटली, खोटं कशाला लिहू.

६ फेब्रुवारी
नाना म्हणाले, साहेब येतील तेव्हा जास्तीच्यांना पेवात बसवू, घटकाभरच. माझ्याकडेही प्रमाणपत्र नाही, म्हणून मीही खाली. मी हो म्हटलं. सुगंधाला कुठे धाडू देणार नाही.

९ फेब्रुवारी, पेवात
साहेबांची जीप वेळेआधीच आली. घाईघाईत उतरलो, वरून शिळा बसली. मुलांना बजावलंय, अवाक्षर काढायचं नाही. वर स्वागतगीत चाललंय. मग भरीत-भाकरी, आग्रह—

कंदील बारीक झालाय. पेवात कोंडलेली हवा विखारी होते; उघडून आधी वारा खेळू द्यायचा, दिवा सोडून बघायचा, मगच उतरायचं. आबा दरवर्षी तेच करायचे. शेतकऱ्याची लेक मी, आणि आज—

सुगंधा कानात म्हणाली, "मना भाऊ आठेच शे, बाई. गये साल साहेब जेवीसन झोपी गयथा." इथेच आहे, मामाकडे नाही. कुणीच कुठे गेलं नाही.

शिळेवर मुठी आपटल्या. ओरडले. वर गाणं चालूच. शिळा दोघा गड्यांची—

कंदील गेला. अंधारातच लिहितेय. भिंतीपाशी कुणीतरी सरकून जागा केली. आमच्यातलं नव्हे—

मुलं गप्प आहेत. मीच बजावलं होतं. किती गुणी—

सुगंधा, बोललीस तरी चालेल गं आता. भटू, तू बोल. कुणीही बोला रे, मी नाही रागाव—