मागची शिवण

४ फेब्रुवारी, बुधवार

भांडण झालं. माझ्या नातीचं आणि वरच्या मजल्यावरच्या ढब्बूचं. चिंगी दार आपटून आत गेली, ढब्बू धडाधडा जिना चढून वर गेली, आणि इकडे माझी सुई बोटात! मला वाटलं, कोणी गेलंबिलं की काय. कोणी काही सांगेना. सगळी दुपार जीव टांगणीला.

संध्याकाळी सूनबाई ड्यूटीवरून आली तेव्हा कळलं. महिनाअखेरीस त्यांचा तो सोंगांचा मेळावा आहे. जपानी कार्टूनमधली पात्रं व्हायचं, जोडीनं स्टेजवर यायचं, एक प्रसंग करून दाखवायचा. (कार्टून म्हटलं की चिंगी चिडते. "ॲनिमे, आजोबा, ॲनिमे!") या दोघी लहानपणापासून जोडीनं सोंगं काढतात. माझ्या चिंध्यांच्या टोपलीतूनच सुरुवात झाली. एक राजा व्हायची आणि दुसरी घोडा, आणि घोडा कोणी व्हायचं यावरून मारामारी. या वर्षी ढब्बूनं कॉलेजातल्या भलत्याच मुलीबरोबर नाव दिलं. चिंगीला विचारलंसुद्धा नाही.

मी म्हटलं, एवढंच? सूनबाई म्हणाली, "बाबा, त्यांच्यासाठी ते एवढंच नसतं."

डावा कान गरम लागतोय. रक्तदाब असेल.

५ फेब्रुवारी

चिंगी कॉलेजला गेली आणि ढब्बू खाली आली. काखेत राखाडी कापड.

"आजोबा, झगा शिवायचाय. पहारेकरणीचा. गळ्यापासून पायापर्यंत."

मी म्हटलं, अगं बाई, दुसरा कोणी शिंपी बघ ना. आमच्या घरात आधीच आग लागलीय.

"दुसरा? तुम्ही असताना?"

पहिल्या झबल्यापासून हिचं माप माझ्याकडे आहे. तेव्हा गोल गरगरीत होती म्हणून ढब्बू, आता काठीसारखी झालीय, पण नाव चिकटलं ते चिकटलं. हो म्हणून बसलो. ती गेली तेव्हा आठवलं. चिंगीला कळलं तर?

कापड माझ्या गादीखाली सरकवलं. या वयात स्वतःच्याच घरात चोर!

६ फेब्रुवारी

सापडलं. चादर बदलायला चिंगी कधी येत नाही, आजच कशी आली?

ओरडली असती तर बरं झालं असतं. कापडावरून हात फिरवत हळू आवाजात म्हणाली, "शिवा ना. छान शिवा. फक्त मागची शिवण कच्ची ठेवा. नुसता धावदोरा घाला, वर टीप मारू नका. तिनं स्टेजवर हात उचलले की उसवू दे टरकन. सगळ्यांसमोर."

"चिंगे, शोभतं का हे?"

"तुम्ही आजोबा कोणाचे? माझे की तिचे?"

हसेल म्हणून वाट पाहिली. हसली नाही. आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले, गिऱ्हाइकाच्या अंगावर माझी एक शिवण उसवली नाही. आणि हे घरचं माणूस काय मागतंय! रागवायला हवं होतं. समजवायला हवं होतं. मी म्हणालो, "चहा घेतेस?"

ती उठून गेली. चहा मीच प्यालो. साखर घालायला विसरलो होतो.

९ फेब्रुवारी

झगा नीट दिसल्याशिवाय कापणार कसा? चिंगीच्या कॉम्प्युटरवर ती मालिका बघितली. बोलणं सगळं जपानी, खाली इंग्रजी अक्षरं पळतात. माझी शाळा चौथीत सुटली, मला ती कुठली वाचता यायला! चिंगीच शेजारी बसून सांगत होती. आधी फुरंगटून, मग भान हरपून.

बर्फातला एक किल्ला. दोन मुली तिथल्या भटारखान्यात एका पांघरुणात वाढलेल्या. एक मोठी होऊन पहारेकरीण होते, राखाडी झगा पांघरून किल्लेदाराच्या रक्षणाची शपथ घेते. दुसरीच्या कपाळाला लाल पट्टी. तिच्या भावाला तोच किल्लेदार मारतो. आता लाल पट्टीला सूड हवा, आणि वाटेत उभी कोण तर मैत्रीण! राखाडी झगेवाली ना इकडची ना तिकडची. बिचारी रात्रभर तटावर फेऱ्या मारते. मला तिचाच जास्त कळवळा आला.

"आजोबा, कार्टून बघून कोणी डोळे पुसतं का?"

मोतीबिंदूचं पाणी आहे म्हटलं.

१० फेब्रुवारी

पुढचे भाग बघितले. बघायला नको होते!

लाल पट्टी परत येते. सगळं विसरले म्हणते. मैत्रिणीच्या गळ्यात पडते, तिच्याच ताटात जेवते, जुन्या गोष्टी काढून हसते. आणि बाहीत कट्यार. मैत्रिणीला पत्ता नाही. आपल्याला मात्र दिसतं, हसताना बाहीतून ते टोक डोकावतं.

मी उठलोच. चिंगी म्हणाली, "अहो, खरी गंमत पुढेच आहे. शेवट तर बघा!" नको म्हटलं. सांगूही नकोस. मला शेवट नको.

गॅसचं बटण दोनदा बघून आलो.

१३ फेब्रुवारी

दोघींची दिलजमाई!

कॉलेजातल्या मुलीनं ऐनवेळी अंग काढून घेतलं म्हणे. ढब्बू खाली आली, चिंगीच्या खोलीचं दार लागलं. आधी चढे आवाज, मग रडणं. मी दाराशी इस्त्री घेऊन उभा. काय इस्त्री करत होतो ते मला विचारू नये. मग एकदम खिदळणं. दार उघडून चिंगी बाहेर आली, डोळे लाल आणि तोंडभर हसू.

"आजोबा, आता लाल पट्टीवाली मी! माझाही पोशाख शिवायचा!"

बरं वाटलं. फार बरं वाटलं. देवासमोर हात जोडले.

१४ फेब्रुवारी

पण इतक्या लवकर? आठवड्यापूर्वी हिला तिचा झगा भर स्टेजवर फाडायचा होता.

लाल पट्टीसुद्धा हसतच परत आली होती.

१७ फेब्रुवारी

स्वतःलाच रागावलो. कार्टूनमधल्या पोरीवरून घरच्या पोरीला जोखायचं! म्हातारचळ दुसरं काय.

तरी जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "झालं ना गं सगळं मनापासून?"

ढब्बूकडे बघून डोळा मारला तिनं. (ढब्बू हल्ली इथेच जेवते.) म्हणाली, "बघालच स्टेजवर!"

बघालच म्हणजे काय?

२० फेब्रुवारी

दोन्ही पोशाख झाले. झगा तर असा उतरलाय की माझा मलाच हेवा वाटावा. पाठीवर मधोमध एकच लांब शिवण, गळ्यापासून खालपर्यंत सरळ. आत भरपूर माया सोडलीय, पुढेमागे अंगानं भरली तर सैल करता येईल. ढब्बूनं घालून गिरकी घेतली. चिंगी टाळ्या वाजवत होती. मी टाळ्यांकडे बघत बसलो.

तालमीला मला बोलवत नाहीत. गच्चीवर जातात, कडी लावून घेतात.

२६ फेब्रुवारी

नीट क्रमानं लिहितो.

झगा दोघींनी तालमीहून आणून माझ्या खुंटीला लावला. चुरगळला होता म्हणून इस्त्रीला घेतला. मागच्या शिवणीवरून हात फिरवला आणि हाताला काहीतरी वेगळं लागलं. चष्मा लावला. गळ्यापासून कमरेपर्यंत माझी टीप उसवलेली! तिथे नुसता धावदोरा. लांब लांब टाके, कापडाच्याच रंगाचा दोरा, लांबून काही कळू नये असा. आणि गाठ उलट्या टोकाला. चिंगी डावखुरी आहे. मीच शिकवलंय तिला. आपल्या घरात, या इमारतीत, गाठ त्या टोकाला दुसरं कोणी मारत नाही.

म्हणजे बाहीत कट्यार होतीच.

२७ फेब्रुवारी, सकाळ

ढब्बूला सांगावं? मग संपलंच. जन्मात तोंड बघणार नाही ती चिंगीचं. एवढी वर्षांची मैत्री माझ्या तोंडानं मोडू?

चिंगीला विचारावं? "नाही" म्हणाली तर माझा विश्वास बसायचा नाही. "हो" म्हणाली तर ते मला ऐकवायचं नाही. तीन वेळा तिच्या दाराशी गेलो. तिसऱ्यांदा तीच बाहेर आली. "काय हो आजोबा, काही हरवलं का?" नाही म्हटलं, चष्मा शोधतोय. तो नाकावर होता.

दुपार

दोघी हॉल बघायला गेल्या. मी कडी लावून मशीनवर बसलो. कच्चे टाके काढले, दुहेरी टीप मारली, आतून पट्टी जोडली, गळ्याशी उलटसुलट टाके घालून पक्कं केलं. वरून इस्त्री. आता बैल जुंपले तरी फाटायचा नाही!

कोणाला काही बोलायला नको. ढब्बूची अब्रू राहील, चिंगीचा डाव आपोआप फसेल, फसला की रागही उतरेल. उद्या दोघी हसत घरी येतील. कितीतरी दिवसांनी जेवण गोड लागलं.

२८ फेब्रुवारी

काय करून बसलो मी!

सूनबाईबरोबर गेलो होतो. पुढून तिसरी रांग. काय काय सोंगं! निळ्या केसांची, शेपट्यांची, एकाला तर पंख, तो खुर्चीत बसेना. मग आमच्या दोघी. लाल पट्टीवाली कट्यार काढते, उगारते, टाकून देते. माझा श्वास सुटला. मग ती मैत्रिणीच्या मागे जाते, दोन्ही हातांनी झग्याची पाठ धरते आणि जोर लावून ओढते.

झगा फाटला नाही.

परत ओढला. चिंगीचा चेहरा पांढरा पडला. ढब्बू तशीच उभी, ओठ हलवत काहीतरी पुटपुटत होती. तिसऱ्यांदा चिंगीनं सगळी ताकद लावली तेव्हा झग्याच्या गळ्याचं हूक ढब्बूच्या गळ्यात रुतलं आणि ती खोकत मागच्या मागे आपटली. मागून कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले.

शेजारच्या खुर्चीतल्या मुलीला विचारलं, इथे काय व्हायला हवं होतं गं?

"अहो आजोबा, हाच तर शेवट! ती तिचा झगा फाडते. झगा फाटला की पहारेकरणीची शपथ सुटते. मग दोघी मिळून किल्ला सोडून जातात."

पुढची जोडी आली होती. मला काही दिसत नव्हतं.

१ मार्च

चिंगी खोलीतून बाहेर येत नाही. ढब्बू खाली येत नाही. सूनबाईनं विचारलं तर चिंगी म्हणाली, "काही नाही झालं." माझ्याकडे बघितलंही नाही.

मला कळतंय काय झालंय. ढब्बूला वाटत असणार, चिंगीनंच मुद्दाम शिवून ठेवलं. सगळ्यांसमोर पाडलं. सूड घेतला! आणि चिंगीकडे तिला पटवायला काय आहे? काही नाही.

वर जाऊन सांगायचं, मी शिवलं. बरं. का शिवलंत, विचारेल. मग तेही सांगावं लागेल, की त्या दिवशी चिंगी कापडावरून हात फिरवत काय म्हणाली होती. मैत्री वाचवायला जायचं आणि ते ऐकवून यायचं! न सांगावं तर नातीच्या माथी खोटा आळ. कुठूनही गेलो तरी पोरीचंच नुकसान.

रात्रभर तटावर फेऱ्या मारणाऱ्या त्या पोरीपेक्षा माझी गत वाईट. ती निदान तरुण होती.

२ मार्च

जिन्याच्या मधल्या पायरीपर्यंत गेलो. गुडघ्याचं निमित्त करून परत आलो.

३ मार्च

सूनबाई ढब्बूच्या आईला भेटून आली. गळ्यावर वळ उठलाय म्हणे, बोलताना दुखतं. चिंगी उभ्या उभ्या दोन घास खाऊन गेली. "आजोबा" अशी हाक घरात ऐकून किती दिवस झाले. मशीनवर बसवत नाही.

उद्या जायचंच. नातीला वाईट म्हणायची वेळ आली तरी जायचं. निदान खोटं तरी मागे राहायला नको.

४ मार्च

गेलो. सगळं सांगितलं. खाली मान घालून, एका दमात.

ढब्बू म्हणाली, "कच्च्या शिवणीचं ना? ते तिनं मला समेट झाला त्याच दिवशी सांगितलं होतं. त्यावरूनच तर सुचलं, आपण शेवटचा प्रसंग करू या म्हणून. तुमची टीप उसवली म्हणून तुम्ही ओरडाल, म्हणून लपवलं."

म्हणजे तू तिच्यावर रागावली नाहीस?

"छे! रोज फोनवर बोलतो आम्ही. खाली येत नाही, कारण तिनं बजावलंय, तुम्ही स्वतःहून बोलेपर्यंत येऊ नकोस म्हणून." तिनं गळ्यावरचा वळ चोळला. "त्या दिवशी पडद्यामागे झगा उलटून बघितला तिनं. टीप बघताच ओळखली तुमची. का मारली तेही ओळखलं. तेव्हापासून रडतेय. तिला विचारायचं तरी होतंत, आजोबा."