कागदाला कायमची सुट्टी

२ फेब्रुवारी, सकाळी ९.१०

आजपासून रोजनिशी कॉम्प्युटरवर. वही बंद. अख्खं पाणीपुरवठा कार्यालय कागदमुक्त करायला निघालेल्या माणसाने स्वतः वहीत खरडत बसायचं म्हणजे लोका सांगे ब्रह्मज्ञान.

योजना सोपी. नकाशे, रजिस्टरं, तक्रारअर्ज, सगळं स्कॅन करून क्लाउडवर. ऑफिसात काही बदललं की घरच्या लॅपटॉपवर आपोआप बदलतं, घरी बदललं की ऑफिसात. विभागप्रमुखाची खोली महिनाभर रिकामी आहे. खिडकीवाली. साहेब म्हणाले, हे काम जो तडीस नेईल त्याचा विचार होईल. मग दुसरं आहेच कोण? टायपिस्ट बाई आहेत, पण त्यांची एक खोड आहे. ऑफिसच्या फोल्डरमध्ये नवीन काही आलं की त्याची एक प्रत छापून फाइलला लावतात. आदली पिढी!

रोजनिशीसाठी ऑफिसच्याच फोल्डरमध्ये एक वेगळं फोल्डर केलं. नाव दिलं ‘खासगी’. आता कोणाची बिशाद आहे उघडायची.

५ फेब्रुवारी

श्रेडर आला. कागद घातला की शेवया. आज चाळीस वर्षांचे तक्रारअर्ज स्कॅन करून आत सोडले. प्रत्येक फाइलपुढे हिरवी बरोबरची खूण येते. शाळेत मला एवढ्या बरोबरच्या खुणा कधी मिळाल्या नव्हत्या. बायको म्हणाली, मिळाल्या असत्या तर आज पाणीपुरवठ्यात नसतास. लक्ष दिलं नाही.

११ फेब्रुवारी

स्टोअरकीपरकडे एक एक्स्टेंशन बोर्ड मागितला. अर्ज करा म्हणाले. कागदावर! कागदमुक्तीच्या बोर्डासाठी कागदाचा अर्ज! तीन दिवस झाले. माणूस नव्हे, कासव आहे. आणि साहेबांनाही काल समजावून सांगता सांगता घसा बसला. साहेब मनाने चांगले, समज बेताची. क्लाउड म्हणजे पाऊस पडल्यावर काय होणार, असं विचारत होते. विनोद करत असतील असं वाटलं, पण चेहरा गंभीर होता.

१२ फेब्रुवारी

गंमत झाली. बोर्ड द्यायला स्टोअरकीपर स्वतः आले. दारातूनच म्हणाले, कासव आलं हो. बिचाऱ्याला स्वतःची जाणीव आहे, हे पाहून बरं वाटलं. मी हसलो. ते हसले नाहीत.

साहेबांनीही जाता जाता विचारलं, घसा कसा आहे? माझ्या घशाबद्दल मी कोणाला अवाक्षर बोललो नव्हतो. वरिष्ठांचं बारीक लक्ष आहे म्हणायचं. खिडकीवाली खोली जवळ येतेय.

२० फेब्रुवारी

डोकं फिरायची पाळी. सकाळपासून हिरव्या खुणा गायब, सगळीकडे दोन निळे बाण गोल गोल फिरताहेत. नकाशा मी इकडे सुधारला, टायपिस्ट बाईंनी तिकडे सुधारला, आता त्याच्या तीन प्रती झाल्यात आणि तिन्हींत वेगवेगळ्या चुका. चारदा बंद करून चालू केलं. राउटरला हात जोडले. बाई शांतपणे म्हणाल्या, माझ्याकडे छापील प्रत आहे, देऊ का? नको म्हटलं. तत्त्व म्हणजे तत्त्व.

दुसरी तक्रार: कागदमुक्ती चालू असताना प्रिंटरचा कागद पूर्वीपेक्षा जास्त संपतोय. कोण एवढं काय छापतंय? छडा लावल्याशिवाय राहणार नाही.

२८ फेब्रुवारी

फिटरकाका आज निवृत्त झाले. तेहतीस वर्षं जमिनीखालचे पाइप सांभाळले. परवा मुलीकडे परदेशी जाणार. निरोपाचा चहा झाला आणि मला कोपऱ्यात घेऊन बसले. पाऊण तास. डोकं खाल्लं नुसतं.

खिशातली वही काढली. ग्रीसचे डाग, कोपरे मुडपलेले, रबरबँडने बांधलेली. म्हणे, अरे, तुमच्या नकाशात जे आहे ते जमिनीत नाही आणि जमिनीत जे आहे ते फक्त हिच्यात आहे. उदाहरणार्थ (ही उदाहरणं म्हणजे!) प्रसूतिगृहाच्या मोठ्या लाइनचा व्हॉल्व्ह नकाशात चौकात दाखवलाय, तिथे तो नाहीच. रस्ता रुंद केला तेव्हा सरकवला. आता लाँड्रीच्या दुसऱ्या पायरीला लागून जी तुटकी फरशी आहे तिच्याखाली आहे. आणि तो उलटा फिरतो. बंद करायला डावीकडे, एकवीस आटे. बाविसावा दिलास तर दांडा मोडेल आणि मग देवच वाली. हे मला तीनदा सांगितलं. तीनदा! मी काय मान हलवायचं यंत्र आहे?

शेवटी वही माझ्या हातात दिली आणि हात सोडेनात. म्हणाले, सांभाळ रे बाबा. मी म्हटलं, काका, आता ही जगबुडी आली तरी हरवणार नाही.

३ मार्च

वही स्कॅन केली. एकशे बारा पानं. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण हिरवी खूण आली. मग वहीचं काय करायचं? ठेवावी असं क्षणभर वाटलं. पण एक वही ठेवली की दुसरी ठेवावीशी वाटते, आणि मग कपाट. मन घट्ट केलं. श्रेडरमध्ये रबरबँड अडकला, तेवढा काढून ड्रॉवरमध्ये ठेवला.

१६ मार्च, सकाळी ८.१५

मोबाइलवर लिहितोय. रोजनिशीची फाइल उघडेना. सिंक चालू असेल.

काल रविवार कामी लावला. मुलीला प्रोजेक्टसाठी लॅपटॉपवर जागा हवी होती. बाबा, सगळी डिस्क तुमच्या नळांनी भरलीय, असं म्हणाली. बरोबर होतं तिचं. ऑफिसचं अख्खं फोल्डर तिथे कशाला? क्लाउडवर आहेच की. डिलीट केलं. कॉम्प्युटरने विचारलं, सगळीकडून हटवायचं का? हो म्हटलं, घरातल्या सगळ्या कोपऱ्यांतून हटव. मुलगी म्हणाली, बाबा, एकदा नीट वाचा. म्हटलं, बाळा, हे माझं क्षेत्र आहे. मग कचऱ्याची टोपलीही रिकामी केली, क्लाउडवरची सुद्धा. कचरा साठवणं माझ्या स्वभावात नाही.

साहेबांचा फोन येतोय. एवढ्या सकाळी? खोलीबद्दलच असणार.

१६ मार्च, दुपारी १.१५

कागदावर लिहितोय. अर्जाचा कोरा नमुना, मागची बाजू.

खोलीबद्दल नव्हता. मोठी लाइन फुटली होती. चौकात गुडघाभर पाणी, आणि ते उतारावरून थेट प्रसूतिगृहाच्या तळघरात. तिथे विजेचं मुख्य पॅनेल. वर अकरा बाळंतिणी आणि काचेच्या पेटीत दोन बाळं. डॉक्टरीणबाई जिन्यात उभ्या राहून ओरडत होत्या, पाणी तीन पायऱ्या चढलंय, आणखी दोन चढलं की मला वीज बंद करावी लागेल, मग या पेट्यांचं काय करू?

साहेब म्हणाले, व्हॉल्व्ह कुठाय? मी म्हटलं, एक मिनिट. आणि टॅब्लेट काढला. आयुष्यभर ज्या क्षणाची वाट पाहिली तो हाच, असं मला वाटलं होतं, हेही लिहूनच ठेवतो.

फोल्डर रिकामं. कोरं. खाली एक ओळ: सर्व काही अद्ययावत आहे. पुढे हिरवी खूण.

टायपिस्ट बाईंनी ऑफिसातून फोनवर सांगितलं, इकडेही रिकामं, स्टोअरच्या मशीनवरही रिकामं. कचऱ्याच्या टोपलीत बघू का? मी म्हटलं, नका बघू. फिटरकाकांचा फोन बंद. टॅब्लेट बंद करून पुन्हा चालू केला.

बाईंकडे वहीची छापील प्रत असणार असं वाटलं. नव्हती. प्रिंटरचा कागद संपला होता त्या दिवशी, नवा अजून आलेला नाही. त्याच्या आधीच्या दिवसापर्यंतचं होतं, म्हणाल्या. घेऊन येते.

पाच मिनिटांत आल्या. स्कूटरवरून, ओल्या साडीने, हातात एक फाइल. जाडजूड, दोरीने बांधलेली, वर नीटस अक्षरात शीर्षक: ‘खासगी, २ फेब्रुवारीपासून’. पानांवर चहाचे डाग होते. एकाच माणसाच्या चहाचे नव्हते.

साहेबांनी फाइल घेतली आणि पाण्यात उभं राहून मोठ्याने वाचत वाचत पानं उलटायला लागले. कासव आलं. ‘घसा बसला’ आला. ‘समज बेताची’ आलं, तिथे क्षणभर थांबले, माझ्याकडे बघितलं आणि पुढे गेले. त्यांना ते नवीन नव्हतं. कोणालाच नव्हतं. मग अठ्ठावीस तारीख. लाँड्रीची दुसरी पायरी, तुटकी फरशी, डावीकडे, एकवीस आटे.

फरशी मी नखांनी उपटली. व्हॉल्व्ह फिरवायची चावी स्टोअरकीपरने आणली, पळत. आटे मी फिरवले, ते मोजत होते. अठरा, एकोणीस, वीस, एकवीस. हात आपोआप पुढे निघाला होता. त्यांनी मनगट धरलं.

पाणी थांबलं. पाचवी पायरी कोरडी राहिली.

१७ मार्च

साहेबांनी बोलावलं. रागावले नाहीत, तेच वाईट. म्हणाले, आजमितीस जमिनीखालची जी माहिती या कार्यालयाकडे आहे ती तुमच्या तक्रारीत आहे. काकांनी जरा आणखी डोकं खाल्लं असतं तर बरं झालं असतं. खिडकीवाली खोली टायपिस्ट बाईंना. तीन कपाटं आत हलवणार आहेत.

२० मार्च, सायंकाळी ५.३०

फिटरकाकांचा फोन लागला. रुळतोय म्हणाले, इथले नळ फार सुबक आहेत. मग विचारलं, माझी वही बरी आहे ना?

सुरक्षित आहे, असं सांगायचं तीन दिवस घोकलं होतं. ड्रॉवर उघडा होता, त्यात रबरबँड दिसला. खरं सांगून टाकलं. फोन कट झाला असं वाटलं. मीच हॅलो हॅलो करत राहिलो.

मग म्हणाले, माझ्या बायकोने बांधून दिली होती ती. मी नुसता फोन कानाला धरून बसलो. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

काका खाकरले. म्हणाले, असू दे. डोक्यात आहे अजून बरंचसं. रोज एक तास सांगतो. कागद घे, खाली कार्बन घाल. व्हॉल्व्ह पहिला, पाण्याच्या टाकीमागे.

एकूण दोनशे चौदा आहेत. आज तीन झाले. चौथ्याला पेन संपलं. स्टोअरकीपरकडे मागायला गेलो. चष्म्यावरून बघत म्हणाले, अर्ज करा. कासव आहे, वेळ लागेल.