स्वीडन, सिरसाळा आणि दुसरं मूल

२ ऑगस्ट
सिरसाळ्यात मी शिकवतो त्या कॉलेजच्या सेमिनारसाठी पेपर लिहायला घेतला: बायकांची नोकरी आणि जन्मदर, देशोदेशींचा अभ्यास. एका लेखाचं पहिलं पान वाचलं आणि उडालोच. पूर्वी बाई नोकरीला लागली की पाळणा थांबायचा, आता श्रीमंत देशांत उलटं. स्वीडनच्या बायका इटलीच्या बायकांपेक्षा जास्त नोकऱ्या करतात, पोरंही जास्त. म्हणजे मंजुषाची शाळेतली नोकरी ही अडचण नाहीच! सायली आठ वर्षांची झाली. दुसरं व्हायलाच पाहिजे. मुलगाच हवा असं माझं मुळीच नाही. फक्त नाव ठरवलंय, राम.

३ ऑगस्ट
मंजुषाला आलेख दाखवला. बायकोनं थेट दुसरं पान उलटलं. (मी तिथवर पोचलो नव्हतो.) तिथं कारण दिलंय: पाळणाघरं आणि भांडी घासणारे नवरे. म्हणाली, "पाळणाघराचं राहू द्या. पंधरा दिवस भांडी घासा, मग रामचं बघू." सोपंय.

४ ऑगस्ट, सकाळी ७
सुरुवात केली. कढई भिजत घातली. भिजली म्हणजे निम्मी घासलीच.

६ ऑगस्ट
कढई अजून भिजतेय. पेपरचा लोड लई.

७ ऑगस्ट
गावाकडून, दिंद्रुडहून आईला बोलावून घेतलं. ही माघार नव्हे, मॅनेजमेंट.

९ ऑगस्ट
आई घासते, मी देखरेख करतो. आई सुनेला म्हणाली, "ह्याच्या बापानं बी मला असंच गुंडाळलं. ह्याचं ऐकू नगंस." आईचं वय झालंय. मंजुषानं विचारलं, स्वीडनचे नवरेही आईला बोलावतात का? उत्तर पेपरच्या निष्कर्षात देईन.

१४ ऑगस्ट
मंजुषाला बढती. मुख्याध्यापिका, पण आष्टीला, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. नाकारणारच. संसारी बाई आहे.

१६ ऑगस्ट
स्वीकारली. सायलीलाही नेतेय. "आणि रामचं काय?" म्हणालो. म्हणाली, "बारा दिवसांत तुम्ही एक कढई भिजवलीत. पोरगं दिवसाला दहा दुपटी भिजवतं, सर." काही हरकत नाही. आई आहे.

१८ ऑगस्ट
आईही आष्टीला गेली, नातीला सांभाळायला.

१९ ऑगस्ट, सकाळी ९
दहाला सेमिनार. इस्त्रीचा शर्ट सापडेना. मंजुषाला फोन लावला, आईनं उचलला. "ती मीटिंगमदी हाय, हरिबा. दोनशे लेकरं हायत तिला आता. आनखी एक कशापायी पायजे?" आणि ठेवला.
शर्टाचं विचारायचं राहूनच गेलं.